सातवं आधी, सहावं नंतर

त्या थिएटरचा पडदा इतका जुना होता, की चित्रपटात पाऊस लागला की पुढच्या दोन रांगा पाय वर घेऊन बसत. काही लोक म्हणत, छत गळतं म्हणून. छत गळायचं हे खरं. पण वाळवंटातल्या चित्रपटाला कुणी पाय वर घेतल्याचं ऐकिवात नाही.

या पडद्यावर एकतीस वर्षं प्रकाश टाकला तो केबिनकाकांनी. ते तिथले ऑपरेटर. बाल्कनीच्या मागे लोखंडी जिना चढून गेलं की त्यांची केबिन, तीत दोन मशीन शेजारी शेजारी, बैलजोडीसारखी. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, आणि हे असं करायचं की खाली बसलेल्या माणसाला पापणी लवल्याचासुद्धा संशय येऊ नये. काका त्यात इतके तरबेज होते, की एकदा म्हणे त्यांनी शिंक आली असताना रीळ बदललं आणि पडद्यावरच्या नायिकेने "सत्य आहे" म्हटलं. हे खरं की खोटं ते विचारू नये. पण काकांचा हात चुकत नसे, एवढं त्यातलं शंभर टक्के खरं.

हात चुकत नसे, कारण डोळ्यांनी केव्हाच रजा घेतली होती.

दोन वर्षं झाली, कंदिलाची वात कुणी हळूहळू खाली करावी तसं त्यांचं दिसणं कमी होत चाललं होतं. समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. खाली तिकीट खिडकीत त्यांची स्वतःची मुलगी बसायची, चिमणी. पस्तिशीची झाली तरी ती चिमणीच. तिलासुद्धा त्यांनी "चष्मा दुरुस्तीला टाकलाय" एवढंच सांगितलं होतं, आणि तो चष्मा दोन वर्षं दुरुस्तच होत होता.

केबिन गेली तर आपण कोण, हे काकांना माहीत नव्हतं. आंधळा ऑपरेटर म्हणजे मुका पोपट. म्हणून त्यांनी युक्त्या केल्या होत्या. रीळ संपत आलं की चाकाचा आवाज हलका पडतो. ते कानाने ओळखायचे. डबे ओळखायला गाठी. नवा चित्रपट आला की सकाळच्या उन्हात खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून एकेका डब्यावरचा आकडा वाचायचा आणि डब्याच्या कडीला सुतळी बांधून तितक्या गाठी मारायच्या. मग दिवसभर बोटांनी मोजायचं. पहिल्याला एक गाठ, आठव्याला आठ. युक्ती नामी होती. फक्त सुतळी ती सुतळी.

शुक्रवारी नवा चित्रपट लागला. तीनच्या खेळाला पाचवं रीळ फिरत असताना काकांनी पुढचे डबे चाचपले, तर दोन डबे सहा सहा गाठींचे. सातवी गाठ कुठल्या तरी एकाची सुटली होती. भिंग घरी राहिलेलं. चाकाचा आवाज हलका व्हायला लागलेला. चिमणीला हाक मारावी, तर ती विचारणार, "समोर लिहिलेलं दिसत नाही का?" काकांनी दोन्ही डबे दोन हातांत घेतले, तोलल्यासारखं केलं, एक उचलून मशीनवर चढवला आणि उरलेल्याला ठसठशीत सातवी गाठ मारून टाकली.

चुकीलाच गाठ बसली ती अशी.

आता हा चित्रपट कसला, तर निव्वळ हसवाहसवीचा. एका उंच इमारतीत एक लिफ्टवाला असतो. दिवसभर लोकांना वर-खाली करायचं आणि संध्याकाळी स्वतः जिना उतरून घरी जायचं, असा त्याचा जन्म चाललेला. एक दिवस लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकते आणि आत त्याच्याबरोबर एक म्हातारा अडकतो. तो म्हातारा म्हणजे प्रत्यक्ष देव. "मी सगळीकडे असतो म्हणतात, आणि इथे दोन तास एका जागी उभा आहे," असं वैतागून म्हणतो. लिफ्टवाला ठोकाठोक करून लिफ्ट चालू करतो, देव खूश होऊन त्याचा हात हातात घेतो, आणि त्या गडबडीत देवाची सगळी शक्ती याच्या हातात उतरते. पुढे काय विचारता! साहेबाला हात लावला तर साहेबाच्या मिशा वाढत वाढत जिन्यावरून तीन मजले खाली उतरतात. जगातली प्रत्येक प्रार्थना लिफ्टची घंटी होऊन वाजू लागते आणि हा बिचारा घंटीमागे धावून धावून अर्धा होतो.

इथपर्यंत पाच रिळं. आमच्या त्या थिएटरातही लोक इथपर्यंत गडगडून हसले.

मग पडद्यावर असं आलं, की दमलेला लिफ्टवाला म्हाताऱ्याला शोधून काढतो, त्याचे दोन्ही हात धरतो आणि म्हणतो, "घ्या तुमचं तुम्हाला. मला झेपत नाही." शक्ती गेली. हात रिकामे. त्यानंतर, का कुणास ठाऊक, तो घरी आईजवळ दिसतो. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेली आई. बोलत नाही, बघत नाही. लिफ्टवाला स्टूल ओढतो आणि तिचा हात आपल्या हातांत घेऊन बसतो. बसून राहतो. आणि आई मान वळवते, त्याच्याकडे बघते आणि विचारते, "जेवलास का?"

खाली एवढी शांतता पसरली, की काकांना केबिनमध्ये वाटलं, आवाजाची तार तुटली. मग एक हुंदका आला. मग नाकं ओढल्याचे आवाज, रांगाच्या रांगा. पुढे ती आई त्याचा कोट धरून त्याला तीन मिनिटं शिव्या घालते, त्यावरही लोक रडत रडत हसले. काकांनी गंमत म्हणून भिंतीच्या झरोक्याला कान लावला. विनोदी चित्रपटाला असं रडणारं पब्लिक त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणजे ऐकलं नव्हतं.

त्या थिएटरची एक जुनी पद्धत होती. बाहेर पडण्याच्या दाराशी मेजावर मतांची वही. दोरीने बांधलेली, पेन्सिलही दोरीने बांधलेली, कारण लोक मत ठेवून जात आणि पेन्सिल घेऊन जात. मालकीणबाई दर दोन-तीन दिवसांनी मतं उतरवून चित्रपट कंपनीला पाठवायच्या. तीनचा खेळ सुटला की चिमणी चहा आणि वही घेऊन वर यायची आणि काकांना मतं वाचून दाखवायची.

"ऐका. 'देवाला लिफ्टमध्ये पाहून आनंद झाला. आमच्या इमारतीची लिफ्ट तीन वर्षं बंद आहे, म्हणूनच तो येत नसावा.'"

"खरंय त्याचं. पुढे?"

"'मिशा खोट्या आहेत. एक न्हावी.'"

"न्हाव्याला मिशीशिवाय काही दिसायचं नाही. पुढे?"

"'खुर्ची क्रमांक बारा, स्प्रिंग वर आली आहे. चित्रपट चांगला असावा.'"

काका हसले. चिमणीने पान उलटलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. "हे निवृत्त मास्तर लिहितात. 'शक्ती परत केल्यावर आई बोलते, यात लेखकाने फार मोठी गोष्ट सांगितली आहे. देवपणाने झालं नाही ते लेकपणाने झालं.' आणि खाली कुणीतरी, 'माझ्या सासूबाईंना हा चित्रपट दाखवू नये, त्या आधीच बोलतात.' आणि बाबा, सात-आठ जणांनी तर एकच लिहिलंय, की शेवटी डोळे इतके भरून आले की पडदाच धूसर दिसायला लागला."

"बघ," काका म्हणाले. "चित्र पोचलं म्हणायचं."

चित्र पोचलं होतं, पण धूसर धूसरच पोचलं होतं. भिंग लावून फोकस करणारे डोळे काकांकडे उरले नव्हते.

त्याच दिवशी अगदी खालच्या ओळीत बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: "चित्रपट पाहिला. मत उद्या देते. कोपऱ्यावरची शिंपीण."

कोपऱ्यावरची शिंपीण साऱ्या गल्लीला माहीत होती. तिचा नवरा रंगारी. आठ महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला तो पडलाच. दवाखान्यातून घरी आणलं, श्वास चालू, डोळे कधी उघडे कधी मिटलेले, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं: "आठ महिन्यांत काल पहिल्यांदा त्यांचा हात हातात घेतला. औषधापुरता घेते तो सोडून."

तिसऱ्या दिवशी: "हात गार होता. नंतर माझ्याइतका झाला."

चौथ्या दिवशी काहीच नाही, नुसतं "पाहिला." तेवढ्यानेही गल्ली हवालदिल झाली. कारण आता लोक चित्रपट सुटल्यावर आपलं मत द्यायच्या आधी तिचं वाचायला वहीभोवती गर्दी करत. पाचव्या दिवशी तिने लिहिलं: "काल त्यांनी हात सोडवून घेतला. मी जोरात धरला होता बहुतेक. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यावर ओरडले."

त्याखाली वहीत जणू जत्राच भरली. "अभिनंदन ताई!" "आता उजवा हात धरून बघा." एकीने लिहिलं, "शिरा आखडल्या की असं होतं. फार आशा धरू नये. एक परिचारिका. माफ करा." आणि त्याखाली कुणीतरी पेन्सिल मोडेपर्यंत दाबून, "बाई, ही चित्रपटाची वही आहे. मत चित्रपटाबद्दल द्या!"

चिमणी हे वाचून दाखवत असे तेव्हा काकांच्या हातातला चहा निवून जाई. शिंपीण रोज तीनच्या खेळाला येते, मधल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसते आणि नेमकी आई बोलून झाली की उठून घरी जाते, असं चिमणीने सांगितल्यापासून काका ते रीळ चढवताना सदऱ्याला हात पुसून घ्यायला लागले होते.

गुरुवारी दुपारी मालकीणबाई जिना चढून केबिनच्या दाराशी आल्या. त्या काकांहून दोनच वर्षांनी लहान होत्या, पण काका म्हणण्याचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही.

"काका, कंपनीवाला उद्या येतोय. तीनच्या खेळाला."

"या म्हणावं. काय झालं?"

"मी मतं पाठवली ना. तो म्हणतो, 'बाई, सगळीकडे लोक खुर्चीतून खाली पडताहेत हसून, आणि तुमच्याकडून ओले रुमाल येताहेत. तुम्ही दाखवताय तरी काय?' मी म्हटलं, तुमचाच चित्रपट दाखवतोय, दुसऱ्याचा दाखवायला वेड लागलंय का? त्याने कथेची पुस्तिका धाडलीय. चिमणीकडे दिलीय."

चिमणीने ती पुस्तिका खिडकीत बसून वाचली. दोनदा वाचली. मग खिडकीवर "पाच मिनिटांत येते" ही पाटी लावून वर आली.

"बाबा, हा डबा कितवा?"

"आण इकडे." काकांनी सुतळी बोटांत घेतली. "एक, दोन, तीन... सहावा."

"त्यावर सात लिहिलंय."

काकांनी पुन्हा पहिल्या गाठीपासून मोजायला घेतलं.

"पंजाएवढा आकडा आहे, बाबा. लाल रंगात."

केबिनमध्ये मशीन बंद होती, त्यामुळे लपायला आवाजही नव्हता. काकांनी सुतळी सोडली, पुन्हा धरली.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं की. फक्त काय दिसतंय ते ओळखावं लागतं."

"आणि मी मूर्ख. दोन वर्षं कुठला चष्मा दुरुस्त होतो, हे विचारलं नाही." तिने रागाने नाक ओढलं आणि लगेच पुस्तिका उघडली. "बरं, ऐका. आई बोलते ते सहावं रीळ. तेव्हा शक्ती त्याच्या हातातच असते. हात धरला की चमत्कार, मिशांसारखाच. मग आई बोलायची थांबतच नाही, शेजारपाजार कान झाकून पळतो, इथवर सहावं. आणि त्या कटकटीला कंटाळून हा शक्ती परत करतो, ते सातवं. तुम्ही सातवं आधी लावलंत, सहावं नंतर. गेले सात दिवस."

"म्हणजे हात रिकामा नव्हता," काका म्हणाले.

"नव्हता. पण आता बिघडलं काही नाही. उद्या मी वर येते, सरळ क्रमाने लावू, फोकस मी बघते. कंपनीवाला हसून जाईल, मालकीणबाईंना पत्ता लागणार नाही, तुमची केबिन तुमच्याकडे. झाकली मूठ."

"आणि ती बाई?"

"कोण?"

"शिंपीण. तिकीट काढून येईल, नेहमीच्या जागी बसेल, आणि अंधारात एकटीला कळेल, की त्याने हात धरला तेव्हा हातात देव होता. तुझ्या-माझ्यासारखा नुसता हात नव्हता." काकांनी डबा मांडीवर घेतला. "घरी जाऊन ती काय करेल मग?"

चिमणीने पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "उलटंच लावलंत तर उद्याच केबिन जाईल. कंपनीवाला समोर बसलेला असेल."

"तेच तर."

काका ना धड उलटे, ना धड सुलटे असे घरी गेले.

शुक्रवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानात पोचले. पायरी त्यांना पायाने माहीत होती. आत गरम इस्त्रीचा आणि खडूचा वास, मशीनची एकसुरी घरघर, आणि मागच्या बाजूला कापडाचा पडदा, तो बाजूला सारलेला. पलीकडे खाट असावी. पांढरं काहीतरी आडवं दिसत होतं.

"या काका. माप द्यायचंय का?"

"नाही बाई. सांगायचंय." काकांनी टोपी काढली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठी, सुतळी, सहावं, सातवं. "तो हात धरतो तेव्हा शक्ती त्याच्याकडेच असते. आज सरळ लागेल. तुम्हाला अंधारात कळू नये, म्हणून आधी आलो. चूक माझी. माझे डोळे गेलेत."

मशीन थांबलं. काकांना वाटलं, आता रडेल, किंवा कात्री फेकून मारेल. दोन्ही ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," शिंपीण म्हणाली.

"काय?"

"बटण, काका. देवाला शक्ती परत देतो तेव्हा त्याच्या कोटाचं दुसरं बटण नाहीये, नुसता धागा लोंबतोय. आणि नंतर आईजवळ बसतो तेव्हा बटण जागच्या जागी. आई बोलायला लागली की कोट धरून गदागदा हलवते ना त्याला? तेव्हा ते तुटतं आणि खाटेखाली जातं. आधी तुटलेलं आणि मग शाबूत, असं कुठल्या कोटात होतं हो? लोक तोंडाकडे बघतात. मी बटणाकडे बघते."

काका खुर्चीवर बसले. खुर्ची आहे की नाही हेही त्यांनी आधी चाचपलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"का बोलू? तुम्ही सुधारलं असतंत की!" ती जरा हसली, मग हसू आवरलं. "सरळ लावलं असतंत तर मी हसून घरी आले असते आणि कोट शिवायला बसले असते. ज्याच्या हातात देव आहे त्याचं कसलं कौतुक? तुमच्या चुकीत तो रिकाम्या हाताने बसला. रिकामे हात माझ्याकडेही होते. म्हटलं, बसून तरी बघू. आणि धीर सुटला की दुसऱ्या दिवशी तीनला परत."

"आणि काही झालं नाही तर? ती नर्सबाई लिहिते तसं?"

तिने दातांनी धागा तोडल्याचा आवाज आला. "आठ महिने हा पडदा ओढलेला असायचा, काका. गिऱ्हाइकाने विचारलं की आत काय आहे, तर मी सांगायची, सामान आहे." तिने धागा सुईत ओवला. "ते ऐकत असतील का, हेसुद्धा मनात आलं नाही माझ्या. आता पडदा उघडा असतो. नाही झालं काही, तर नाही झालं. पण सामान म्हणणार नाही."

मग ती काकांना आत घेऊन गेली आणि तिने तो हात त्यांच्या हातात दिला. रंगाऱ्याचा हात, बोटांच्या पेरांवर अजून घट्टे असलेला. काका धरून उभे राहिले. एकदा काहीतरी हलल्यासारखं वाटलं. पण तो त्यांचाच अंगठा असावा.

"अजून एक सांगू का?" ती दाराशी म्हणाली. "पडदा धूसर असतो तुमचा. लोकांना वाटतं, रडू येतंय."

तिथून काका थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले. मेजावर केबिनची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "घ्या तुमचं तुम्हाला." कारण सांगायला त्यांना फार शब्द लागले नाहीत. मालकीणबाईंनी आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाल्या, "काका, आजचाच मुहूर्त सापडला तुम्हाला? तो माणूस तीनला येतोय!"

"चिमणी लावेल. तिला येतं. लहानपणी रिळांच्या डब्यावर बसून जेवायची ती."

"आणि तुम्ही?"

मालकीणबाईंनी बराच वेळ किल्ली मेजावर इकडून तिकडे सरकवली, आणि शेवटी एक तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. "आज खाली बसा. एकतीस वर्षांत एकदा तरी खुर्च्या किती टोचतात ते कळू दे. उद्याचं उद्या बघू."

तीन वाजता थिएटर भरलं. कंपनीवाला बाल्कनीत पहिल्या रांगेत बसला. काका मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीच्या शेजारी. कडेच्या खुर्चीत शिंपीण. दिवे गेले, मशीनची घरघर सुरू झाली, आणि ती आपल्या पाठीमागून येते आहे हे काकांना चमत्कारिक वाटलं. समोर त्यांना नुसता उजेड दिसत होता, पाण्यात दूध सांडल्यासारखा.

"सांगता का?" त्यांनी हळूच विचारलं.

ती सांगू लागली. मिशा जिना उतरल्या, घंट्या वाजल्या, लोक हसत होते, आणि ती त्यांच्या कानाशी, "आता साहेब स्वतःच्याच मिशीला अडखळून पडला," असं सांगत होती. रीळ बदललं तेव्हा काकांना वरचा खट् ऐकू आला. अर्ध्या श्वासाचा उशीर. होईल सवय, ते मनात म्हणाले.

"आता आई," ती म्हणाली. "बटण जागेवर आहे. स्टूल ओढलं. हात धरला."

"जेवलास का?" पडद्यावरची आई म्हणाली, आणि सबंध थिएटर हसत सुटलं. छत कोसळावं तसं. बाल्कनीतून कंपनीवाल्याने मांडीवर मारलेली थाप खाली ऐकू आली. शिंपीण गप्प झाली होती.

"पुढे सांगा," काका म्हणाले.

"काही नाही. बटण तुटलं."

इथे ती रोज उठून जायची. आज उठली नाही. शेजारी कान झाकून पळाले. मग सातवं रीळ लागलं, लिफ्टवाल्याने म्हाताऱ्याला गाठलं.

"धागा लोंबतोय," ती म्हणाली. "हात दिला. गेली शक्ती."

"रिकामे झाले हात?"

"झाले."

मग आठवं, शेवटचं. त्यात लिफ्टमध्ये स्टुलावर आई बसलेली असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सुनावत असते, केस विंचर, ताठ उभा राहा, बूट पूस. लोकांना आता हसायलाही श्वास उरला नव्हता. शिंपीण सांगायची थांबली. काकांनी वाट पाहिली. तिने त्यांच्या बाहीला हात लावला.

"काका."

"काय?"

"त्याचे हात रिकामे झाले, तरी आई बोलतेच आहे." ती कुजबुजली. "हे मी कधी पाहिलंच नव्हतं. रोज आधीच उठून जायची मी."

समोरचा उजेड हलत होता, एवढं त्यांना दिसत होतं.

खेळ सुटल्यावर वहीभोवती गर्दी झाली. "हसून पोट दुखलं." "चार दिवसांपूर्वी माझे मेहुणे हाच चित्रपट पाहून रडले म्हणत होते. मेहुण्यांना तपासून घ्यावं." मास्तर वहीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले आणि काही न लिहिता गेले. कंपनीवाला मालकीणबाईंचा हात हलवून हलवून निघून गेला. गर्दी पांगल्यावर काका मेजाशी आले.

"तुम्ही लिहा," ते शिंपिणीला म्हणाले. "मी सांगतो."

तिने पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली. "तुमचं मत तुम्ही लिहा."

एकतीस वर्षांत त्या वहीत काकांनी कधी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी वाकून, बोटाने कागदाची कड शोधून, दुसऱ्यांच्या ओळींवरून जाणाऱ्या मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: "आज पडदा स्वच्छ होता म्हणतात. मला धूसर दिसला. दोष पडद्याचा नाही. चित्र चांगलं आहे, शेवटपर्यंत बसावं."

शिंपिणीने ते वाचलं. मग पेन्सिल घेऊन त्याच्याखाली तिने घाईघाईत एक ओळ लिहिली, वही मिटली आणि ती पायऱ्या उतरून गेली. थोड्या वेळाने चिमणी केबिनला कुलूप लावून खाली आली, काकांना हाताला धरून तिने वही उघडली आणि नेहमीसारखी वाचून दाखवली.

"'निघते. घरी वाट पाहत असतील.'"